गोरोंगोरोला अर्धाच दिवस असेल, तर कुठला अर्धा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सहा जणांचं कुटुंब टांझानियाला निघालंय. वडील ७२ वर्षांचे, मुलगी ११ वर्षांची. टूरवाल्याने गोरोंगोरोसाठी, म्हणजे ज्वालामुखी खचून झालेल्या आणि तळाला जंगली प्राणी असलेल्या तिथल्या प्रचंड खड्ड्यासाठी, 'हाफ डे क्रेटर टूर' ठेवली आहे. जवळच्या कराटू गावात नाश्ता करून निघायचं आणि दुपारी परत. कोणी म्हणतं अर्धा दिवस रग्गड झाला. कोणी म्हणतं तिथे गाड्यांची जत्रा असते, त्यापेक्षा सेरेंगेटीत एक दिवस वाढवा. गेंडा नक्की दिसतो का, राहायचं कुठे आणि वडिलांना झेपेल का, हेही विचारलंय.

अर्धा दिवस चालेल, पण कुठला अर्धा ते आधी विचारा. तुमच्या कार्यक्रमात लिहिलेला अर्धा वाया जाणारा आहे. साडेआठला पोटभर नाश्ता करून कराटू सोडायचं, संरक्षित क्षेत्राच्या लोडोआरे गेटवर कागदपत्रं, व्ह्यू पॉइंटवर फोटो, मग क्रेटरच्या काठाकाठाने अर्धा वळसा घालून उतरणीला लागायचं. तळाला चाकं टेकेपर्यंत साडेदहा वाजतात. तोवर सिंह आडवे झालेले, ऊन डोक्यावर आलेलं, आणि तुमच्यासारख्याच नाश्ता उरकून निघालेल्या सगळ्या गाड्या एकदम खाली. दोन तास फिरायचं, डबा खायचा आणि वर यायचं. मग घरी येऊन लोक सांगतात की गोरोंगोरोत काही खास नाही, नुसती जत्रा आहे. जत्रेच्या वेळेला गेल्यावर जत्राच दिसणार.

मी सतरा वर्षं मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन उत्तर टांझानियात जातोय, आणि पहिली काही वर्षं हीच चूक मीही केली. एकदा काठावरच्या एका लॉजमध्ये आमलेटच्या रांगेत आमचा पाऊण तास गेला. खाली पोहोचलो तेव्हा वर निघालेल्या एका गाडीतला गाइड आमच्या ड्रायव्हरला हसत हसत सांगत होता की रस्त्यालगतच चित्त्याने शिकार केली, आत्ताच संपलं सगळं. क्रेटरमध्ये चित्ता तसाही क्वचित दिसतो. त्या दिवसापासून माझ्या गटाला गोरोंगोरोच्या सकाळी गरम नाश्ता मिळत नाही. उकडलेली अंडी, केळी, ब्रेड आणि थर्मासमधला चहा, तोही गाडीतच.

पैशाचा हिशेबही तेच सांगतो. खाली उतरण्याचं शुल्क माणशी नाही, गाडीमागे आहे. २५० डॉलर आणि त्यावर १८ टक्के व्हॅट, म्हणजे २९५ डॉलर. संरक्षित क्षेत्रात शिरण्याचं माणशी शुल्क वेगळं, आणि त्याचा हिशेब २४ तासांचा. हे दर बदलत असतात, त्यामुळे टूरवाल्याकडून यंदाचा आकडा आणि खाली किती तास मिळणार, हे दोन्ही लेखी घ्या. एवढे पैसे मोजून दिवसातले सगळ्यात कंटाळवाणे साडेतीन तास विकत घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. उतरणीचा रस्ता सकाळी सहाला उघडतो. सात-साडेसातला खाली असा आणि दोन-अडीचला वर या. हाही अर्धाच दिवस म्हणायचा, पण मोलाचा.

आता ही जागा काय आहे ते बघू, म्हणजे पुढचा सल्ला पटेल. 'क्रेटर' म्हटलं की आपल्याला लोणार आठवतं. लोणारचं विवर उल्का आदळून झालं, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. गोरोंगोरोत वरून काही पडलं नाही, डोंगरच आत कोसळला. वीस ते तीस लाख वर्षांपूर्वी इथे एक मोठा ज्वालामुखी होता. त्याची उंची साडेचार हजार मीटरच्या वर असावी असा अंदाज आहे, काही जण तर तो किलिमांजारोच्या तोडीचा होता म्हणतात. पोटातला लाव्हा बाहेर पडला, आत पोकळी राहिली आणि माथा त्या पोकळीत बसला. अशा खड्ड्याला भूशास्त्रात कॅल्डेरा म्हणतात. भिंती शाबूत असलेला आणि पाण्याने भरून न गेलेला एवढा मोठा कॅल्डेरा जगात दुसरा नाही. तळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण अडीचपट. भोवती ६०० मीटरची भिंत. आणि हा 'तळ' समुद्रसपाटीपासून १७०० मीटरच्या वर आहे, आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा (१६४६ मीटर) उंच! गटातल्या ट्रेकर मंडळींना हे सांगितलं की ती दोन मिनिटं गप्प होतात. लोणारशी एक साम्य मात्र खरं आहे. दोन्हीकडे आलेलं पाणी बाहेर जायला वाट नाही. ते वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात, त्यामुळे दोन्ही तळी खारी आणि अल्कधर्मी. इथल्या तळ्याचं नाव मगादी. फ्लेमिंगो येतात ते त्याच पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळासाठी. ऑगस्टमध्ये पाणी आटून तळं बरंच आकसलेलं असतं, म्हणून फ्लेमिंगोंची गुलाबी चादर वगैरे मनात धरून जाऊ नका. लांबवर गुलाबी रेघ दिसली तरी पुष्कळ.

पावसाचं गणित सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला लगेच कळतं. हिंदी महासागरावरून येणारे दमट वारे पूर्वेच्या उतारावर चढतात, तिथे धुकं आणि दाट जंगल. पश्चिमेची बाजू पर्जन्यछायेत, तिथे करडी खुरटी झुडपं. घाटमाथा आणि त्यामागचा कोरडा पट्टा, हेच चित्र, फक्त दिशा उलटी. या वरच्या जंगलात मुरलेलं पाणी झऱ्यांतून आणि मुंगे नावाच्या ओढ्यातून वर्षभर तळाला येतं. जमीन ज्वालामुखीच्या राखेची, त्यामुळे गवत सकस. पाणी आहे, चारा आहे, मग जायचं कशाला? म्हणून इथले बहुतेक विल्डबीस्ट आणि झेब्रे सेरेंगेटीच्या त्या प्रसिद्ध स्थलांतरात जात नाहीत, बारमाही इथेच असतात. मोठे प्राणी सगळे मिळून २५ हजारांच्या आसपास सांगतात. तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात म्हणून काही बुडत नाही, ते याच कारणाने.

त्या धुक्यामुळे मात्र सकाळी पोटात गोळा येतो. काठावर समोरची गाडी दिसत नाही, वायपर चालू, थंडी पाच-सात अंशांवर, आणि मागून कोणीतरी हमखास म्हणतं, "आज काही दिसत नाही बहुतेक." बोलू द्या. तळाकडे जाणाऱ्या सेनेटोच्या उताराला लागलात की आठ-दहा वळणांत धुकं डोक्यावर राहतं आणि खाली सगळं मोकळं दिसायला लागतं. व्ह्यू पॉइंटवर सकाळी थांबूच नका. तिथून पांढऱ्या भिंतीचा फोटो येतो. परतताना थांबा.

मुख्य सल्ला आता सांगतो. खाली गेल्यावर फिरू नका, थांबा. ताडोब्याच्या सफारीची सवय आपल्याला इथे नडते. तिथे जिप्सी पळते, पगमार्क, कॉल, पुन्हा पळापळ, आणि वाघ दिसला की सफारी सुफळ संपूर्ण. क्रेटरच्या तळावर बहुतेक ठिकाणी झाडंच नाहीत. कुठेही उभं राहा, चार-पाच किलोमीटरवरचं दिसतं. प्राणी शोधायचे नसतात. समोर दिसणाऱ्या पंधरा गोष्टींपैकी कशाकडे बघत बसायचं एवढंच ठरवायचं असतं.

एका फेब्रुवारीतली गोष्ट. नाशिकची सहा मंडळी होती. सव्वासातला मांडुसीच्या दलदलीजवळ पाच-सहा तरसांनी विल्डबीस्ट पाडलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा खाणं चालू होतं, शेपट्या उभारलेल्या, तोंडं लाल, आणि तो हसण्यासारखा आवाज. तेवढ्यात ड्रायव्हर एकमेकांशी बोलतात त्या रेडिओवर 'किफारू, किफारू' सुरू झालं. किफारू म्हणजे गेंडा. गाडीत फूट पडली. एक काका म्हणाले, "तरसं काय बघायची, चला गेंड्याकडे." मी पंधरा मिनिटं मागून घेतली. बाराव्या मिनिटाला गवतातून दोन सिंहिणी आणि मागून एक नर आला. धावणं नाही, डरकाळी नाही, स्वतःच्या घरी यावं तसे चालत आले. तरसं मागे हटली, लांब जाऊन बसली आणि ओरडत राहिली. एकाने तेवढ्यात मांडीचं हाड पळवलं, त्याच्यामागे दोन कोल्हे.

आपल्या डोक्यात असतं की सिंह शिकार करतो आणि तरस उष्टं खातो. डच जीवशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी १९६० च्या दशकात याच तळावर रात्री-रात्री तरसांमागे फिरून दाखवून दिलं की इथे बहुतेक वेळा उलटंच चालतं. शिकार तरसांची, आयतं ताट सिंहांचं. ते आमच्या समोर घडत होतं, आणि काकांचं लक्ष रेडिओकडे होतं.

मग त्या नराने पोट भरल्यावर सावली शोधली. आजूबाजूला झाड नव्हतं, सावली होती ती आमच्या गाडीची. तो मागच्या चाकाला टेकून आडवा झाला. काकांच्या खिडकीच्या बरोबर खाली. आयाळीत वाळलेलं रक्त, नाकावर जुने ओरखडे, आणि तोंडाभोवती इतक्या माश्या की त्यांचं घोंगावणं वर ऐकू येत होतं. दर श्वासाला बरगड्या टायरला लागत होत्या. चाळीस मिनिटं गाडी हलवता आली नाही, कोणी शिंकलंसुद्धा नाही. गेंडा अकरा वाजता दिसला, दुर्बिणीतून, पाऊण किलोमीटरवर, राखाडी धोंड्यासारखा. काकांना त्याचं आता काहीच वाटत नव्हतं.

तर गेंड्याचं उत्तर हे असं आहे. दिसण्याची शक्यता चांगली, जवळून दिसण्याची कमी. हे काळे गेंडे. १९६० च्या दशकात या तळावर शंभराहून जास्त होते, चोरट्या शिकारीने १९९० च्या दशकापर्यंत वीसच्याही खाली आले. नंतर रक्षकांनी एकेकावर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली, तेव्हा कुठे संख्या हळूहळू सावरली. रस्ता सोडून गाडी घालायला सक्त मनाई आहे, आणि ती असायलाच हवी. म्हणून एक बरी दुर्बीण न्या, ८ बाय ४२ ची. सहा जणांत दोन तरी हव्यातच. मोबाइलच्या झूमवर गेंडा मिळत नाही, राखाडी ठिपका मिळतो. रेडिओवर 'किफारू' आलं आणि समोर काही घडत नसेल तर जरूर जा. समोर काही घडत असेल तर जागा सोडू नका.

सिंहांविषयी एक गोष्ट मुलीला सांगा, तिच्या वयाला आवडेल. १९६२ मध्ये अतिपावसानंतर इथे चावऱ्या माश्यांचा असा उपद्रव झाला की साठ-सत्तर सिंहांतले दहाच्या आसपास उरले. पुढे बाहेरून काही नर आले, त्यांची आणि या उरलेल्यांची प्रजा वाढली. भिंतीआडच्या या कुटुंबात बाहेरचं रक्त फारसं येत नाही, त्यामुळे आपापसांतच पैदास होते आणि शास्त्रज्ञांना त्याची काळजी आहे. एवढा देखणा आयाळवाला, आणि घराण्याचा इतिहास असा.

काय दिसणार नाही तेही आधीच सांगून ठेवतो. तळावर जिराफ नाहीत. भिंत उतरणं त्यांना अवघड आणि खाली त्यांच्या खाण्याजोगी झाडं कमी, असं कारण दिलं जातं. ते वरच्या उतारांवर, सेरेंगेटीच्या बाजूला असलेल्या ओल्डुपाई (ओल्डुवाई) घळीच्या वाटेवर दिसतील. इम्पालाही नाहीत. हत्ती आहेत, पण बहुतेक म्हातारे नर, लांब सुळ्यांचे. कळप आणि पिल्लं क्वचितच. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच मिळतात, शेवटचा झिजला की कडक फांद्या चावत नाहीत. दलदलीतलं मऊ गवत या आजोबांना सोयीचं. लेरायच्या जंगलात, पिवळ्या खोडाच्या बाभळींखाली ते बघायला मिळतात. इथल्या मासाई पशुपालकांच्या भाषेत त्या झाडालाच लेराय म्हणतात. बिबट्या बघायचा तर तोही याच बाजूला, पण त्याची आस धरू नका.

आणि एक पक्षी, ज्याच्याकडे गाडीतलं कोणी बघणार नाही, पण महाराष्ट्रातल्या माणसाने बघावा. कोरी बस्टर्ड. आपल्या माळढोकाचा सख्खा नातलग, एकाच प्रजातिगटातला. नर अठरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात वजनदारांपैकी. तळावर तो रस्त्याच्या कडेने असा चालत असतो जसा आपल्याकडे शेतातला बगळा. मी सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी किती पहाटा काढल्या आणि किती वेळा हात हलवत परत आलो, ते माझं मला ठाऊक. पहिल्यांदा इथे एका फेरीत नऊ कोरी मोजले, तेव्हा ड्रायव्हरला कळेना की सिंह सोडून हा माणूस या कोंबड्याकडे बघत का बसलाय. मी त्याला समजावलं नाही.

डब्याचं प्रकरण. नगोइटोकिटोक नावाच्या झऱ्याकाठी मोठी पिकनिकची जागा आहे. पाण्यात पाणघोडे, काठावर मुकुटधारी क्रौंच, आणि डोक्यावर घारी. आपल्या घारींसारख्याच, पण धीट. एका ताईंच्या हातातला मेथीचा ठेपला घारीने असा उचलला की बोटाला नख लागून रक्त आलं आणि ठेपला झाडावर. तिथे उतरा, पाय मोकळे करा, स्वच्छतागृह वापरा, पण खाणं गाडीत बसून आणि छत खाली करून. मुलीच्या हातात काहीही देऊन तिला पाण्याकडे पाठवू नका. साडेबारा ते दीड तिथे गाड्यांची रांग लागते, म्हणून मी साडेअकरालाच जेवण उरकतो. सगळे जेवायला गेले की तळ निम्मा रिकामा होतो, तो तास फिरायला चांगला.

वडिलांबद्दल. ७२ हे वय अडचणीचं नाही, अडचण असते ती पाठीची आणि लघवीची. दोन्हींचं आधीच बोलून ठेवा, लाजू नका. गाडी म्हणजे उघडणाऱ्या छताची लँड क्रूझर. त्यांना ड्रायव्हरमागच्या पहिल्या रांगेत बसवा, शेवटच्या रांगेत हाडं खिळखिळी होतात. कमरेला छोटी उशी घरूनच न्या. खाली ठरलेल्या दोन-तीन जागा सोडल्या तर गाडीतून उतरता येत नाही, म्हणून पाण्याचा आणि चहाचा हिशेब ठेवा. पाणी कमी पिऊन बसणं हा त्यावरचा उपाय नव्हे, त्याने संध्याकाळी डोकं धरतं. काठ २२०० ते २४०० मीटरवर आहे, त्यामुळे दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. नुसतं 'आफ्रिकेला चाललोय' म्हटलं की ते फक्त मलेरियाच्या गोळ्या लिहून देतात.

याच कारणाने मुक्काम कराटूत करा असं म्हणेन. काठावरच्या खोलीतून दिसणारं दृश्य मोठं आहे, पण ऑगस्टमध्ये ते निम्मा वेळ धुक्यात असतं, खोल्या गारठलेल्या आणि भाडं दुप्पट-तिप्पट. कराटू खाली आहे, ऊबदार आहे, जेवण बरं मिळतं. गेट सहाला उघडतं. साडेपाचला कराटू सोडलंत आणि कागदपत्रं आदल्या दिवशी तयार ठेवली असतील तर सव्वासात-साडेसातपर्यंत खाली पोहोचता. पूर्वेच्या काठावर राहिलात तर अर्धा-पाऊण तास आधी पोहोचाल, कारण त्या बाजूला उतरायचा वेगळा रस्ता आहे. त्या पाऊण तासासाठी वडिलांना रात्रभर कुडकुडत ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्या गटात सगळे पन्नाशीच्या आतले असतील तर मी काठावर राहतो, नाहीतर कराटू.

सेरेंगेटीत दिवस वाढवण्यासाठी गोरोंगोरो कापू नका. ऑगस्टमध्ये तुम्ही उत्तरेला विल्डबीस्टच्या कळपांचं मारा नदीवरचं क्रॉसिंग बघायला जात असाल, तर तिथे तीन रात्री हव्यातच. दिवस कमी पडत असतील तर लेक मन्यारा राष्ट्रीय उद्यान काढा. क्रेटर शक्यतो शेवटी ठेवा. सेरेंगेटीत दोन दिवस भटकून आलेल्या माणसाला इथे बसून बघता येतं, पहिल्याच दिवशी इथे आलेला माणूस साधा झेब्रा दिसला तरी उभा राहतो. परतीच्या वाटेवर ओल्डुपाईला दीड तास द्या. मेरी लीकी यांना १९५९ मध्ये आदिमानवाची ती प्रसिद्ध कवटी तिथेच सापडली. संग्रहालय आहे, लाएटोली इथे सापडलेल्या आदिमानवाच्या ३६ लाख वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणांचा साचाही बघायला मिळतो. मुलीला हे सिंहाइतकंच लक्षात राहील.

मासाई वस्तीची भेट बहुतेक टूरमध्ये घुसडलेली असते. उड्या मारून नाच, मण्यांच्या माळा, घासाघीस. मला ते कसनुसं होतं, म्हणून मी नेत नाही. पण ही माणसं कोण ते माहीत असावं. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून मासाईंना बाहेर काढलं, आणि त्यांच्यासाठी व जनावरांसाठी मिळून हे ८२९२ चौरस किलोमीटरचं क्षेत्र वेगळं केलं. म्हणून ते राष्ट्रीय उद्यान नाही, संरक्षित क्षेत्र आहे. १९७४ मध्ये तळावरच्या वस्त्याही हलवल्या. २०२२ पासून सरकार त्यांना टांगा प्रांतातल्या म्सोमेराला जायला सांगतंय, त्यावरून वाद आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी याच रस्त्यावर मोठं आंदोलन केलं. आपल्याकडे अभयारण्यांतून गावं उठवताना जे झालं ते आठवून पाहा. रस्त्यात गुरं घेऊन चाललेल्या पोराचा फोटो काढायचा तर आधी विचारा, तो पैसे मागेल, ते द्या किंवा कॅमेरा खाली ठेवा.

किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टी भराभर सांगतो. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे परतणार असाल तर ते पिवळं कार्ड हातात हवंच, नाहीतर मुंबई विमानतळावर विलगीकरणाची पाळी येते. साठीच्या पुढे ही लस द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, म्हणून वडिलांचं हे काम महिनाभर आधी करा. डॉलरच्या जुन्या नोटा तिथे घेत नाहीत, कोऱ्या आणि अलीकडच्या सालच्या न्या. जून २०१९ पासून टांझानियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. आपला चिवडा, लाडू, चटण्या नेमक्या त्यातच बांधलेल्या असतात, आणि किलिमांजारो विमानतळावर बॅगा उघडल्या की फजिती होते. कापडी पिशव्या आणि डबे. कपडे खाकी, करडे. काळा आणि गडद निळा टाळा, सेरेंगेटीच्या झाडीत त्या रंगांवर त्सेत्से माश्या येतात. पहाटेला स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी. अकराला सगळं उतरवावं लागतं, म्हणून एकावर एक घाला. धूळ बारीक असते, कॅमेऱ्याला उशीचा अभ्रा पुरतो.

ड्रायव्हर-गाइडशी मात्र पहिल्याच दिवशी गट्टी करा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मुलीला हे काम द्या. स्वाहिलीत गाडीला 'गारी' म्हणतात, लाखाला 'लाकी', पैशाला 'पेसा', दुकानाला 'दुका', आणि चहा-चपाती तर तशीच. हिंदी महासागरावरच्या व्यापारातून आलेले शब्द. सिंह म्हणजे 'सिंबा' तिला ठाऊक असेलच, तरसाला 'फिसी', झेब्र्याला 'पुंडा मिलिया', म्हणजे पट्ट्यांचं गाढव. दोन दिवसांत ती त्याच्याशी बोलायला लागेल, आणि मग तो तुम्हाला रेडिओवर सगळ्यांना सांगतात ती जागा नाही, त्याची स्वतःची जागा दाखवेल. आदल्या रात्री त्याला एवढंच सांगा: उद्या गेंडा दिसला नाही तरी टिप कमी होणार नाही, आम्हाला घाई नाही, जिथे तुला वाटेल तिथे इंजिन बंद कर.

टूरवाला 'नाश्ता बांधून मिळत नाही' म्हणाला, तर कराटूच्या कुठल्याही लॉजला थेट मेल टाका. 'ब्रेकफास्ट बॉक्स' हा शब्द तिथे रोजचा आहे, रात्री आठच्या आत सांगितलं की पाचला तयार असतो. त्यातला केक कोरडा असतो, आपले दोन लाडू जवळ असू द्या.